२०० किमी वेगाच्या आरसी गाडीसाठी घरी केलेली बॉडी: आधी नाक जमिनीला, मग वेग

सुसाट

नमस्कार मंडळी,

आरसी (रेडिओ कंट्रोल, म्हणजे रिमोटवर चालणारी) विमानं, ड्रोन, इतकंच काय बोटींवरही इथे धागे आहेत. स्पीड रनच्या गाड्यांवर एकही दिसला नाही, म्हणून हा प्रपंच. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्पीड रन म्हणजे शर्यत नव्हे. सरळ, गुळगुळीत, मोकळा रस्ता, एकच गाडी, आत छोटं जीपीएस यंत्र, आणि एकच प्रश्न: कमाल वेग किती? ट्रॅक्सस कंपनीने २०११ साली एक्सओ-१ ही गाडी आणली, तेव्हा दुकानातून घेतलेली आरसी गाडी ताशी १०० मैल म्हणजे १६० किमी पळते हीच मोठी बातमी होती. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात निक केसने स्वतः बांधलेल्या गाडीने ३२५ किमीचा विक्रम केला. तोही पुढे मोडला गेला. माझं लक्ष्य त्या मानाने गरिबाघरचं आहे: २००.

चॅसी १/७ मापाची आहे. सगळं सामान भरून वजन ५ किलोच्या आसपास. मोटर, ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट), ६एस (सहा सेलची) बॅटरी यांचा प्रश्न नाही. प्रश्न हवेचा आहे. वर स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी तयार लेक्झान (पॉलिकार्बोनेट प्लास्टिक) बॉडी होती. १५० च्या पुढे स्टिअरिंग पोकळ होत जातं. ट्रिगर आणखी दाबायला हात धजत नाही, कारण पुढची चाकं हलकी झालीत हे लांबूनही कळतं. म्हणून बॉडी स्वतःच करायची ठरवली.

आता थोडा हिशेब. बॉडी ७० सेंमी लांब, ३० रुंद, १३ उंच धरा. पुण्यातली हवा घनमीटरला साधारण १.१ किलो. ताशी २०० म्हणजे सेकंदाला ५५.६ मीटर. या वेगाला हवेचा गतिज दाब येतो सुमारे १७०० पास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १७ ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण समोरून दिसणारं क्षेत्रफळ ०.०३५ चौरस मीटर आणि ड्रॅगचा (हवेच्या विरोधाचा) गुणांक ०.४५ असेल, तर हवा गाडीला मागे ओढते २७ न्यूटनने, आणि नुसती हवा कापायला जवळजवळ १५०० वॅट लागतात. तीच गाडी १६० ने पळवली तर ७६० पुरतात. वेग सव्वापट, पॉवर दुप्पट. गुणांक ०.३० वर आणला तर २०० ला १००० वॅटमध्ये काम होतं.

इथपर्यंत सगळे येतात आणि मग थेंबाच्या आकाराच्या मागे लागतात. पुढचा हिशेब करतच नाहीत. बॉडीला वरून पाहिलं तर क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर भरतं, समोरच्यापेक्षा सहापट. त्यावर लिफ्टचा गुणांक नुसता ०.१५ असला, तरी २०० च्या वेगाला वर उचलणारा जोर होतो ५१ न्यूटन. गाडीचं वजन ४९ न्यूटन. म्हणजे गाडी नाही, पतंग.

तेव्हा माझं मत असं की या वेगाला बॉडीचं पहिलं काम नाक खाली धरणं, दुसरं काम सरळ जाणं, आणि ड्रॅग कमी करणं तिसरं. ५०० वॅट वाचवायला बॅटरी बदलता येते. उडालेली गाडी खाली आणायला काही बदलता येत नाही.

आकार साधारण ठरलाय: बुटकं, जमिनीलगत आलेलं नाक, त्याखाली पुढे काढलेला सपाट पट्टीसारखा स्प्लिटर, चाकं पूर्ण झाकलेली, छत मागे हळूहळू उतरतं आणि शेपूट सरळ कापलेली. अडलंय ते मटेरियलपाशी. लेक्झान व्हॅक्यूम फॉर्म करावं, थ्रीडी प्रिंट करावं की फायबर? अनुभवी मंडळींनी बोलावं.

भोवरा

वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली). फोटो टाका हो, फोटोशिवाय मजा नाही.

वोल्टेश

एवढा खटाटोप कशाला? ८एस लावा, पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) दोन दात मोठा घाला, २०० आरामात. पॉवर असली की हवा जाते बाजूला.

सुसाट

>> पॉवर असली की हवा जाते बाजूला

बाजूला गेली तर उत्तमच. ती खाली शिरते ही अडचण आहे. जास्त पॉवरने गाडी मागे जास्त बसते, पुढचं सस्पेन्शन उठतं. चाकांमधलं अंतर ४० सेंमी धरलं तर पुढे फक्त ७ मिमी उचललं की अख्खी गाडी एक अंश नाक वर करते. मग स्प्लिटरखाली हवेला उघडं दार. ८एस मीही लावणार आहे, पण या बॉडीनंतर.

वातकुक्कुट

स्टुटगार्टहून लिहितेय. गाड्यांच्या एअरोडायनॅमिक्सवरच पोट भरतं, त्यामुळे राहवलं नाही.

धागाकर्त्यांचा क्रम बरोबर आहे, आणि याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पूर्ण मापाच्या गाड्यांतच आहे. १९९९ च्या ले मान्सला (फ्रान्समधली २४ तासांची शर्यत) मर्सिडीजच्या सीएलआर गाड्या उडाल्या. मार्क वेबर सरावाच्या दिवसांत एकदा आणि शर्यतीच्या सकाळी वॉर्म-अपमध्ये पुन्हा, आणि प्रत्यक्ष शर्यतीत पीटर डम्ब्रेक थेट कठड्यापलीकडच्या झाडांत. माणसं वाचली हे नशीब. या गाड्यांची नाकं आणि शेपट्या चाकांच्या पुढे-मागे लांब काढलेल्या होत्या. पुढच्या गाडीच्या मागची विस्कटलेली हवा, रस्त्याचा उंचवटा, एवढं निमित्त मिळालं आणि नाक वर झालं. एकदा ठरावीक कोनापलीकडे गेलं की तळाचा सपाट भागच पंख होतो. तुमच्या गाडीचा तळही सपाटच आहे.

त्यामुळे दोन सूचना. स्प्लिटर पुढच्या चाकांच्या फार पुढे काढू नका. लांब स्प्लिटर सरळ असताना डाउनफोर्स (खाली दाबणारा जोर) देतो आणि नाक उचललं गेलं की तितक्याच जोरात वर ढकलतो. दुसरं, चॅसीला पुढे किंचित उतार द्या. जमिनीपासूनची उंची पुढे मागच्यापेक्षा २-३ मिमी कमी, आणि ही उंची गाडी उभी असताना नव्हे, जोरात पळताना कमी राहिली पाहिजे. म्हणजे सस्पेन्शन जवळजवळ कडक करा. पुढची चाकं लटकू देऊ नका.

शेपटीबद्दल: सरळ कापलेली शेपूट ही विसाव्या शतकात इथेच स्टुटगार्टला वुनिबाल्ड काम यांनी मांडलेली युक्ती. पूर्ण थेंब करायला गाडी फार लांब होते. उतार हळू ठेवून मध्येच कापला तर बराचसा फायदा हातात राहतो. उतार किती? १९८४ साली अहमद आणि सहकाऱ्यांनी एका साध्या ठोकळ्यावर केलेले प्रयोग आजही आमची बाराखडी आहेत. मागच्या काचेचा उतार ३० अंशांच्या जवळ नेला की ड्रॅग एकदम चढतो, १२ अंशांच्या आसपास तो चांगला खाली असतो. तुम्ही १२ च्या वर जाऊ नका.

दादरकर

अवांतर: पुण्याची हवा पातळ हे आता हिशेबानेच सिद्ध झालं 😄

सुसाट

@दादरकर, मुंबईची ३० अंशांतली हवा साधारण १.१६ भरते. तेवढ्याच पॉवरवर पुण्यात तीनेक किमी फुकट मिळतात. अमेरिकेतल्या बोनव्हिलची मिठाची मैदानं समुद्रसपाटीपासून सुमारे १२८० मीटरवर आहेत, वेगवेडे तिथे जातात त्याला तेही एक कारण. हेवा करू नये.

@वातकुक्कुट, सोन्यासारखी माहिती. एक शंका. छोट्या मापाला हे आकडे लागू पडतात का? १/७ मापाची गाडी २०० ने पळते म्हणजे खरी गाडी १४०० ने पळाल्यासारखं, असं बरेच जण म्हणतात.

वातकुक्कुट

ती जाहिरातीतली भाषा. हवेला माप कळत नाही. तिला कळतो वेग आणि लांबी यांचा गुणाकार, चिकटपणाने भागलेला, म्हणजे रेनॉल्ड्स आकडा. तुमची ७० सेंमीची गाडी ५५ मीटर वेगाने जाते, तेव्हा हा आकडा २४ लाखांच्या घरात जातो. साडेचार मीटरच्या खऱ्या गाडीला तेवढाच आकडा गाठायला ताशी ३१ किमी पुरे. थोडक्यात, तुमच्या बॉडीवरची हवा गल्लीतून चाललेल्या मोटारीवरच्या हवेसारखी वागते. त्याचा अर्थ असा की बॉडीजवळचा हवेचा थर गाडीच्या मानाने जाड असतो आणि लवकर सुटतो. म्हणून मागचे उतार खऱ्या गाडीपेक्षाही सौम्य ठेवा, आणि खऱ्या गाड्यांच्या बारीकसारीक खाचा, रेषा, फट्या यांची नक्कल करायच्या भानगडीत पडू नका.

रेझीनवाला

रामराम. कोल्हापूर. फायबरची कामं करतोय, बसचे पॅनेल, बागेतले हत्ती-घोडे, देवळाचे कळस, सगळं. तुमची भौतिकी माझ्या डोक्यावरून गेली पण बॉडी म्हणाल तर तो आपला घास.

लेक्झानचं सांगतो. घरच्या व्हॅक्यूमवर ७० सेंमीचा तुकडा होत नाही भावा. शीट हवेतला ओलावा पिते. १२० अंशाच्या आसपास तासन् तास वाळवली नाही तर गरम करताना पोटात बुडबुडे येतात, शेवयाच्या खिरीगत दिसते. मग १८० च्या वर सगळीकडे सारखी तापली पाहिजे. पॅकेजिंगचे ट्रे करणाऱ्याकडं मोठं मशीन असतं, पण तो एका नगासाठी हात लावत नाही.

तेव्हा फायबरच करा. पण आमच्यासारखं ४५० जीएसएमची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅट आणि पॉलिएस्टर मारू नका, जड होतं. बॉडीचा पत्रा धरा ०.४५ चौरस मीटर. ४५० च्या मॅटचे दोन थर टाकले की रेझीनसकट सव्वा किलो. तुम्ही २०० जीएसएमचं विणलेलं कापड घ्या, दोन थर, इपॉक्सी. नीट पिळून काढलं तर साडेतीनशे ग्रॅम. नाकाला दोन थर जादा.

भोवरा

थ्रीडी प्रिंट का नको? माझ्याकडे प्रिंटर आहे, २२० चा बेड.

सुसाट

@भोवरा, ७० सेंमीची बॉडी २२० च्या बेडवर म्हणजे डझनभर तुकडे, प्रत्येक जोडावर भेग. शिवाय पीएलए (प्रिंटरचं प्लास्टिक) ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलं की बॉडीचा पापड. पण प्लग (ज्यावरून साचा काढायचा तो नमुना) करायला प्रिंट चांगलं आहे. प्लग एकदाच लागतो आणि त्याला रस्त्यावर पळायचं नाही.

@रेझीनवाला, रामराम! इपॉक्सीचं पटलं. प्लगसाठी एक्सपीएस फोमची निळी शीट आणलीये. बाजूचा आणि आडव्या छेदांचे साचे एमडीएफचे कापले, ते शीटला दोन्हीकडून लावून निक्रोमच्या तारेने कापणार. वरून लांबी (पुट्टी).

रेझीनवाला

थांबा! एक्सपीएसवर किंवा थर्माकोलवर सरळ लांबी लावली तर खड्डा. गाड्यांची लांबी पॉलिएस्टरची असते, त्यातलं स्टायरीन फोमला खातं. बघता बघता नाक गायब. आधी इपॉक्सीचा एक हात द्या किंवा बारीक कापड चढवा, सुकू द्या, मग लांबी.

आणि दुसरं, साचा सुटायचा विचार प्लगवरच करा. दाराखालचा भाग आत वळवला की पीस अडकला. दोन-तीन अंश बाहेर उतार ठेवा सगळीकडं. आत वळवायचाच असेल तर डाय (साचा) दोन तुकड्यांत, मधे फ्लँज (जोडायची कड), बोल्ट.

पेणकर

इथे माझाही खारीचा वाटा. आमच्या घरी गणपतीचा कारखाना. एवढ्या लहान कामाला फायबरची डाय करायची गरज नाही. एकदोन बॉड्याच काढायच्या आहेत ना? पीओपीमध्ये काथ्या घालून साचा करा. स्वस्त, ताठ, आणि हलत नाही. फक्त पीओपी पूर्ण सुकायला वेळ द्या. आत ओल राहिली तर तुमचं इपॉक्सी वैताग देईल. सुकल्यावर आतून लाखेचे किंवा पीयूचे दोन-तीन हात देऊन छिद्रं बंद करा, मग वॅक्स.

आकार हाताने शोधायचा असेल तर शाडू माती. तार, लाकडाची कोरणी, ओलं फडकं. एक्सपीएसमध्ये कापलेलं परत लावता येत नाही, मातीत येतं. नाकाचा भाग तरी मातीत करून बघा.

वातकुक्कुट

मोठ्या कार कंपन्यांच्या डिझाइन स्टुडिओत आजही क्ले मॉडेल करतात. फरक एवढाच की त्यांची माती गरम करून लावायची असते. पेणकर, तुमचा सल्ला अगदी व्यावसायिक आहे.

वोल्टेश

बरं ते सगळं ठीक. पण चाकं झाकली, तळ सील केला, तर ईएससी आणि मोटर थंड कशी होणार? भाजून निघतील.

सुसाट

रास्त प्रश्न. रन असतो काही सेकंदांचा. पूर्ण रन मिळून मोटर जेवढं तापते त्यातलं बहुतेक तिच्या स्वतःच्या लोखंड-तांब्यात साठतं, हवेने थंड व्हायला तेवढा वेळच नसतो. म्हणून मोठी जाळी नको. नाकाच्या वरच्या बाजूला एक छोटी नासा पद्धतीची खोलगट नळी, सरळ ईएससीच्या पंख्यावर. आणि महत्त्वाचं, आत आलेली हवा बाहेर काढायला शेपटीच्या उभ्या कापावर जाळी. आत येणाऱ्या वाटेपेक्षा बाहेरची वाट मोठी. नाहीतर बॉडीच्या पोटात हवा भरते आणि ती बॉडीला आतून वर ढकलते. ऑफ-रोडवाले मागच्या काचेला भोकं पाडतात ती याचसाठी.

रन झाला की बॉडी काढून पंखा लावून ठेवायची, तापमान बघायचं, मगच पुढचा.

घाटमाथा

मी निवृत्त माणूस, नातवासाठी आरसी गाडी शोधत इथे आलो. एवढ्या खर्चात चांगली स्कूटर येते हो! आणि ५ किलोची वस्तू २०० च्या वेगाने कुणाला लागली तर?

सुसाट

काका, पहिल्याला उत्तर नाही. 😄

दुसरं मात्र गंभीर आहे आणि बरं झालं विचारलंत. सार्वजनिक रस्त्यावर हे करायचंच नाही, रात्री सुद्धा नाही, सुनसान दिसला तरी नाही. माझ्या ओळखीच्या एकाच्या बंद लेआउटमधला नवा डांबरी रस्ता आहे, मालकाची परवानगी घेऊन, दोन्ही टोकांना माणूस उभा करून. रेडिओचा फेलसेफ ब्रेकवर सेट: सिग्नल गेला तर गाडीने थांबायचं, शेवटच्या ट्रिगरवर चालत राहायचं नाही. बघ्यांनी चालवणाऱ्याच्या मागे. २०० ला गाडी एका सेकंदात ५५ मीटर जाते, 'अरे बाजूला हो' म्हणायला वेळ नसतो.

नातवाला साधी १/१६ मापाची मॉन्स्टर ट्रक घ्या. ती अंगणात पळते आणि आपटली तरी हसते.

सुसाट

अपडेट.

प्लग झाला. एक्सपीएसवर इपॉक्सी आणि बारीक कापड, वर लांबी, मग प्रायमर. नाक शाडूत केलं आणि पेणकरांना मानलं. पहिलं नाक दिसायला झकास होतं पण मध्यभागी उंच. ओल्या फडक्याने पुसत खाली आणलं तेव्हा कुठे हवा दोन्ही बाजूंना जाईल असं वाटलं. सगळ्यात जास्त वेळ पॉलिश पेपरात गेला. काळ्या रंगाचा हलका फवारा मारायचा, लाकडाच्या लांब पट्टीवर २२० चा पेपर लावून घासायचं. जिथे काळं राहतं तो खड्डा, जिथे लगेच पांढरं होतं तो उंचवटा. मग वॉटर पेपर १००० पर्यंत. शेवटी ट्यूबलाइटखाली प्लग धरून प्रतिबिंबाची रेघ छतावरून शेपटीपर्यंत सरकवायची. रेघ कुठे कचरली की तिथे पुन्हा पट्टी.

हवा बघायला सोपा मार्ग काढला. प्लगवर दर दोन-तीन सेंटीमीटरवर लोकरीचे छोटे धागे चिकटवले आणि पुढे मोठा ब्लोअर. आकडे यातून मिळत नाहीत, पण हवा कुठे सुटते ते दिसतं. छतावर धागे भांग पाडल्यासारखे सरळ मागे. मागच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत मात्र धागे थरथरत होते, एकदोन चक्क पुढे वळले. कोपऱ्यांची गोलाई वाढवली, धागे बसले.

वातकुक्कुट

छान. ब्लोअरची हवा मुळातच घुसळलेली असते, त्यामुळे खऱ्या रस्त्यावर परिस्थिती थोडी वेगळी असेल. पण धागे पुढे वळतात तिथे काहीतरी गडबड आहेच, तेवढं खरं. ओपनफोम (हवेचा प्रवाह संगणकावर काढणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, हात असेल तर एकदा चालवा. फक्त जमीन सरकती ठेवा आणि चाकं फिरती. स्थिर जमिनीवर काढलेले तळाचे आकडे फसवतात.

आणि शेपटीला उभा पंख, म्हणजे फिन, देताय ना?

सुसाट

फिनबद्दलच विचारणार होतो. ड्रॅग वाढणार नाही का?

वातकुक्कुट

पातळ ठेवलात तर नगण्य. फायदा मोठा. बाजूने झुळूक आली की हवेचा जोर ज्या बिंदूवर लागतो तो गुरुत्वमध्याच्या मागे हवा. तरच गाडी आपोआप सरळ होते. बुटक्या, लांब नाकाच्या बॉडीत तो पुढे असतो, म्हणजे झुळूक नाक आणखी वळवते. आणि एकदा गाडी आडवी झाली की बाजूने येणारी हवा तिला उचलते. याच भीतीने नॅस्कारने (अमेरिकेतल्या मोटार शर्यतींची संस्था) १९९४ पासून छतावर आपोआप उघडणाऱ्या झडपा सक्तीच्या केल्या आणि ले मान्सच्या नव्या प्रोटोटाइपना २०११ पासून मोठं फिन आलं. बॅटरी जमेल तितकी पुढे सरकवा, फिन मागे द्या. विंग मात्र लावू नका. मागे विंग म्हणजे मागची चाकं दाबणं आणि तेवढंच नाक हलकं करणं.

वोल्टेश

विंगशिवाय गाडी दिसणार कशी! बरं, टायरचं काय केलं? एअरो वगैरे ठीक, पण तिथेच घोळ होतो.

सुसाट

@वोल्टेश, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. १०० मिमी व्यासाचं चाक २०० ला मिनिटाला साधारण १०,६०० फेरे मारतं. कडेवरच्या १ ग्रॅम रबराला बाहेर ओढणारा जोर सहा किलोच्या वर. साधा रबरी टायर फुगून ताटाएवढा होतो, आणि त्यात एअरोही आलंच: टायर फुगला की गाडी उंच होते, स्प्लिटरखालची फट वाढते, इतक्या मेहनतीने राखलेले २-३ मिमी गेले. म्हणून फोमचे किंवा आत पट्टा असलेले बेल्टेड टायर, रिमला पुन्हा चिकटवून, आणि प्रत्येक चाक बॅलन्स करून.

रेझीनवाला

डाय काढली का? आता पावसाळा तोंडावर आलाय म्हणून सांगतो. ओल्या हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, त्याच्यावर दुसरा थर धरत नाही. आधी कोमट पाण्यानं धुवा, स्क्रबरनं घासा, सुकवा. पीव्हीए (पीस डायला चिकटू नये म्हणून लावतात तो पातळ थर) पण ओल्या हवेत लवकर वाळत नाही, घाई कराल तर पीस डायलाच चिकटला.

कापड कापताना मास्क, हातमोजे. खाज सुटली तर गरम पाणी घेऊ नका, थंडच. आणि डाय पॉलिएस्टरची करत असाल तर हार्डनर डोळ्यात जाऊ देऊ नका, चष्मा लावाच. आमच्यात त्यानं डोळा गमावलेला माणूस आहे.

सुसाट

पीओपी-काथ्याची डाय काढली, पूर्ण वाळवली, आतून पीयूचे हात दिले. वॅक्स, पीव्हीए, मग दोन थर कापड. पीस सुटला! कडा कापून ३९० ग्रॅम, म्हणजे तुमचा अंदाज जवळपास बरोबर. नाकाला जादा थर आहेत म्हणून थोडं वर.

लेक्झानच्या मानाने मोठा फरक हाताला लागतो. नाक अंगठ्याने दाबलं तर हलत नाही. २०० ला नाकाच्या ३० बाय ५ सेंमीच्या तोंडावर अडीच किलोचा दाब येणार आहे. मऊ बॉडी तिथे आत दबते, आकार बदलतो, आणि मग कागदावरचे सगळे हिशेब कागदावरच. तोटाही आहे. लेक्झान आपटून वाकतं आणि परत येतं, हे तडकेल. पण डाय आहे, दुसरी काढू.

बॉडी चॅसीला मागे नायलॉनच्या बोल्टने आणि कडेने सगळीकडे गॅफर टेपने. फिन वेगळं, ३ मिमीच्या नायलॉन स्क्रूवर, म्हणजे गाडी उलटली तर फिन तुटेल, शेपूट नाही.

भोवरा

फोटो बघितले, कमाल! रंग कुठला?

सुसाट

भडक केशरी. हौस म्हणून नव्हे, लांबवर गाडी नीट दिसावी म्हणून. १५० मीटरवर राखाडी गाडी आणि राखाडी रस्ता वेगळे काढता येत नाहीत, आणि गाडी वळते आहे की नाही हे दिसण्यावरच सगळं आहे. रंग पातळ, वर क्लिअरकोट.

दादरकर

रन कधी? बघायला यायचंय.

सुसाट

पाऊस सुरू व्हायच्या आत, एखाद्या रविवारी पहाटे. तेव्हा वारा पडलेला असतो. थंड हवा थोडी घट्ट असते, पण आडव्या वाऱ्यापेक्षा ती परवडली. पहिल्या दिवशी २०० चा प्रयत्न नाही. १२० पासून टप्प्याटप्प्याने. दर टप्प्यानंतर स्प्लिटरच्या खालच्या बाजूला बघायचं: डांबराचे ओरखडे सारखे उमटत असतील तर नाक खाली आहे, पुढचा टप्पा घ्यायचा. वेग वाढला आणि ओरखडे कमी झाले, तर नाक उचलतंय. तिथेच थांबून पुढची स्प्रिंग आणि उंची बघायची. दोन्ही दिशांना धावून सरासरीच मोजणार, पाठीवरच्या वाऱ्याचा वेग माझ्या नावावर नको.

तारीख ठरली की व्यनि (खासगी निरोप) करतो. येणाऱ्यांनी टोपी, पाणी आणि जमल्यास झाडू आणावा. रस्त्यावरची खडी आधी झाडून काढायची आहे.

रेझीनवाला

झाडू आणतो. एक रोल कापड पण शिल्लक आहे माझ्याकडं, २०० चंच. दुसरी बॉडी लागलीच तर दुकानात जाऊ नका.